दोनदा उतरलेलं वजन परत आलं. आता इंजेक्शन घ्यावं की ऑपरेशन करावं?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ४१, शाळेत नोकरी, दोन मुलं. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. थायरॉइडची गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.३ आली आहे, वडिलांना मधुमेह आहे. जिना चढताना गुडघे दुखतात, आणि ताईंच्या घोरण्यामुळे मुलगी दुसऱ्या खोलीत झोपायला लागली आहे. गेल्या सात वर्षांत कडक डाएट करून त्यांनी एकदा १२ आणि एकदा १४ किलो उतरवले. दोन्ही वेळा वर्ष-दीड वर्षात सगळं परत आलं, वर दोन-तीन किलो जास्तच. पुण्याच्या नणंदेने इंजेक्शन घेऊन वजन कमी केलंय, जिममधल्या मैत्रिणीकडे कसलीशी पावडर आहे, आणि मिस्टर म्हणतात, तोंडावर ताबा ठेव, बाकी काही लागत नाही. शेवटी ताई विचारतात, "माझ्यात जिद्दच कमी आहे का? आणि आता इंजेक्शन घेऊ की ऑपरेशन करू?"

ताई, तुमचा जिद्दीचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात तसाच राहिला तर इंजेक्शन आणि ऑपरेशनाचंही काही नीट ठरणार नाही. घर, शाळा, मुलं सांभाळून तुम्ही दोन खेपांत २६ किलो उतरवलेत. वजन उतरवणं तुम्हाला जमतं, हे तुम्ही दोनदा सिद्ध केलंय. अडतंय ते उतरलेलं टिकवण्यापाशी. त्यामुळे तुमचा प्रश्न मी असा वाचते : पुढची दहा-वीस वर्षं हे वजन खाली धरून ठेवायला माझ्या शरीराला कोणता आधार लागेल, आणि तो मला शरीराने आणि पैशाने झेपेल का?

मी बावीस वर्षं कोल्हापुरात मेडिसिनची प्रॅक्टिस करते. त्यातली गेली दहा-बारा वर्षं आठवड्यातले दोन दिवस फक्त लठ्ठपणाचे पेशंट बघते. तपासल्याशिवाय औषध सांगता येत नाही, म्हणून हे प्रिस्क्रिप्शन समजू नका. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरायचा, ते कळावं म्हणून लिहितेय.

आधी आकडे बघू. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. तुमचा येतो ३७.८. पाश्चात्त्य मापाने ३० पासून लठ्ठपणा सुरू होतो. आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. आपली रेघ खाली का, हे समजायला पुण्यातलंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली, अशी आपली ठेवण जन्मापासून असते. म्हणून आपल्याला साखर लवकर गाठते, आणि तीही दिसायला "तशी काही जाड नाही" म्हणावं अशा माणसाला.

बीएमआयला चरबी कुठे साठलीय ते कळत नाही. त्यासाठी शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेलं तर चरबी पोटात, लिव्हरभोवती साठतेय असं समजायचं. तुम्ही हे माप लिहिलेलं नाही, ते हवंय. जानेवारी २०२५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने हेच ठासून सांगितलं : नुसत्या बीएमआयवर आजार ठरवू नका, जादा चरबीमुळे एखादा अवयव किंवा रोजचं चालणं-फिरणं बिघडलंय का ते बघा. तुमचे गुडघे बोलू लागलेत, साखर उंबरठ्यावर आहे (५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी), आणि घोरणं आहे. म्हणजे उपचार लागणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोणता, ते पुढे बघू.

आता वजन परत का आलं, ते सांगते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला ही गोष्ट समजायला उशीर झाला आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी इचलकरंजीहून एक बाई यायच्या. वजन ९८. मी त्यांना रोजचं खाणं लिहून आणायला सांगितलं होतं. शाळेची दोनशे पानी वही, त्यात निळ्या शाईत रोजची नोंद : सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दीड भाकरी, दोडक्याची भाजी, वाटीभर आमटी, रात्री एक भाकरी आणि ताक. आधी नऊ किलो उतरले होते, मग तीन महिने काटा हलेना आणि चौथ्या महिन्यात दोन किलो वाढले. मी वही चाळली आणि म्हटलं, "लिहायचं बरंच राहून जातं ना?" त्यांनी काही उत्तर दिलं नाही. वही मिटली, पिशवीत ठेवली आणि उठल्या. चार वर्षांनी त्या आल्या त्या पायाला जखम घेऊन, साखर तीनशेच्या वर. मधल्या काळात कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. कुणीही आधी वजनावरूनच बोलणार, ही धास्ती त्यांनी घेतली होती, आणि ती धास्ती माझ्या त्या एका वाक्याने घातली होती.

त्या वहीतलं बहुतेक सगळं खरं असावं, असं मला आज वाटतं. चरबीच्या पेशी 'लेप्टिन' नावाचं संप्रेरक सोडतात. अमेरिकेतल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली ते शोधलं. चरबीचा साठा किती शिल्लक आहे, याची बातमी लेप्टिन मेंदूला देतं. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, आणि मेंदूला तो दुष्काळ वाटतो. मग भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं खाली येतात, आणि शरीर बसल्या जागी जी ऊर्जा जाळतं तीही कमी करून टाकतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांचं वजन कडक आहाराने उतरवलं आणि वर्षभराने रक्त तपासलं. भूक वाढवणारे हे बदल वर्षानंतरही तसेच होते, असं त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेत उतरलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास २०१६ सालचा. आधीच्या तेवढ्याच जेवणात दोन-तीन भाकऱ्या जास्त पडल्यासारखंच हे झालं.

म्हणून १४ किलो उतरवून तुम्ही पहिल्यासारखं, साधंच जेवायला लागलात तरी वजन चढतं. भूक लागल्यावर माणूस खातो, आणि तुमची भूक पहिल्यापेक्षा मोठी झालेली असते. मिस्टरांना हा परिच्छेद जरूर वाचायला द्या. त्यांची भूक आणि तुमची भूक आज एका मापाची नाही.

थायरॉइडचं थोडक्यात. गोळी चालू आहे, टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे ९२ किलोचं खापर थायरॉइडवर फोडता येणार नाही. थायरॉइड कमी असताना सहसा दोन ते चार किलो वाढतात, त्यातही बराच भाग पाण्याचा असतो. गोळीचा डोस वाढवून वजन उतरवायच्या फंदात पडू नका. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. दुसरी कुठली औषधं चालू असतील तर मात्र यादी करा. स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, फिटच्या काही गोळ्या, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या वजन वाढवतात, आणि पुष्कळदा त्यांना पर्याय असतो. गुडघ्यासाठी कुणा ओळखीच्याकडून बिननावाची पुडी घेत असाल तर आजच बंद करा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं मी अनेकदा बघितलंय. मात्र खूप महिने घेत असाल तर एकदम न थांबवता आधी डॉक्टरांना दाखवा.

खाण्यापिण्याचं काही उपयोगाचं नाही, असा वरच्या सगळ्याचा अर्थ काढू नका. इंजेक्शन घ्या, ऑपरेशन करा, खाणं हा पाया राहतोच. पण मी आता पेशंटला कॅलरी मोजायला लावत नाही. मी विचारते, "घरात माणसं किती आणि तेलाचा डबा महिन्याला किती लिटर?" चार माणसांत पाच लिटर, असं उत्तर बहुतेक घरांतून येतं. हिशेब केला तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल होतं, आणि बाहेरचा वडापाव, फरसाण, लग्नातलं जेवण त्यात नाही. तोच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी रोज १५ ग्रॅम तेल, म्हणजे साधारण १३५ कॅलरी, ताटातून जातात आणि एकाही पदार्थाचं नाव कमी करावं लागत नाही. फोडणी बाटलीतून धार धरून न घालता चमच्याने घालायची, एवढंच.

दुसरी गोष्ट प्रथिनं. आपल्या ताटात भाकरी-भात भरपूर आणि डाळ पातळ. तुमच्या उंचीच्या बाईला रोज ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, शंभर ग्रॅम पनीर, वाटीभर दही, दोन भाकऱ्या आणि एक कप दूध घेतलं की कुठे आकडा साठच्या पुढे जातो. बांगडा किंवा चिकन चालत असेल तर सोपं पडतं. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर प्रथिनांचा खड्डाच पडतो. त्या दिवशी दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांवर भर द्या.

याने किती उतरेल? नेटाने केलं तर वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेचार ते साडेसहा किलो. ऐकायला कमी वाटतं, पण मोल मोठं आहे. २००२ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य ठेवलं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास केला. तो २००६ साली आला आणि त्यात घट २८.५ टक्के होती, तीही वजन फारसं न उतरता. आणि उतरलेला एकेक किलो गुडघ्यावरचा भार दर पावलाला चार किलोंनी हलका करतो.

आता इंजेक्शन. आतडं जेवणानंतर जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. 'पोट भरलं, थांब' हा निरोप ते मेंदूला देतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. सेमाग्लूटाइड हे त्याचीच नक्कल करणारं, पण आठवडाभर टिकणारं औषध. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. मी वर सांगितलेली दुष्काळाची हाकाटी ही औषधं थोपवून धरतात. पेशंट मला सांगतात, "डॉक्टर, डोक्यातला खाण्याचा विचार बंद पडला." हे वाक्य मी इतक्या जणांकडून जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय की भूक ही इच्छाशक्तीची गोष्ट आहे असं आता मला कुणीही पटवू शकणार नाही.

२०२१ साली आलेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लूटाइड २.४ मिलिग्रॅमने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या इंजेक्शनवर २.४ टक्के. २०२२ मध्ये टिर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. तुमच्या वजनाला लावलं तर १४ ते १९ किलो. पण ही सरासरी आहे. माझ्याकडे पंचवीस टक्के उतरलेलेही आहेत आणि पाच टक्क्यांवर अडकलेलेही. मधुमेह आधीच झालेला असेल तर थोडं कमी उतरतं.

सुरुवात सगळ्यात लहान डोसने करतात आणि दर चार आठवड्यांनी वाढवतात. ही पायरी कुणी घाईने ओलांडली की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता यांनी बेजार होतं. मी पेशंटला पहिल्याच दिवशी बजावते : अर्धं पोट भरल्यासारखं वाटलं की ताटावरून उठायचं. आपल्याकडे पानात टाकायचं नाही ही शिकवण इतकी पक्की आहे की बायका पोट भरल्यावरही पातेल्यातलं उरलंसुरलं संपवतात आणि मग रात्रभर ओकाऱ्या. वाढून घेतानाच कमी घ्या. वजन झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम ही माझी अट असते. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या चालतात.

थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास घरात असेल तर ही औषधं द्यायची नाहीत. तुमची थायरॉइडची गोळी हा वेगळा विषय आहे, तिची अडचण नाही. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर सांगा. गरोदरपणात ही चालत नाहीत. सेमाग्लूटाइड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरा, कारण गोळीचा परिणाम कमी होतो. एक्केचाळिसाव्या वर्षी हे कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. पुढे कुठल्याही ऑपरेशनाची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनबद्दल आधी सांगा.

आणि आता नणंदेने कदाचित न सांगितलेली गोष्ट. सेमाग्लूटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. यात औषधाचा दोष नाही. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, तसंच हे. म्हणून "सहा महिने घेते आणि सोडते" असं ठरवून सुरू करणार असाल तर मी नको म्हणेन. तुमचं तिसरं डाएट होईल ते, फक्त महागडं. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका बाटलीला ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमच्या बाटलीला ४,३७५ रुपये पडत. दर आठवड्याला एक बाटली, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५००. वजनासाठीचं सेमाग्लूटाइड त्याच वर्षी जूनमध्ये आलं. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि पेटंट संपलं की देशी कंपन्यांना वाट मोकळी होते. तेव्हा आजचा भाव केमिस्टकडे नव्याने विचारा. निदान तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडून, घरात बोलून मगच सुरू करा. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन अर्ध्या भावात मिळणारं इंजेक्शन घेऊ नका. हे औषध कारखान्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत थंडच राहावं लागतं, आणि बनावट मालाला बाजारात तोटा नाही.

ऑर्लिस्टॅट नावाची गोळी जुनी आहे. अन्नातल्या चरबीपैकी साधारण तीस टक्के ती पचू देत नाही, वजन थोडंच उतरतं आणि तेलकट जुलाब होतात. मी ती क्वचितच देते.

ऑपरेशनाबद्दल लोकांच्या मनात भीती फार. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग दुर्बिणीने काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही घटते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. यात साखरेवर परिणाम जास्त जोरदार होतो. ज्यांना छातीत जळजळ, आंबट पाणी वर येण्याचा जुना त्रास आहे त्यांना मी स्लीव्ह सुचवत नाही, कारण तो त्रास वाढतो. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के उतरतं, नंतर थोडं चढतं, पण बरंचसं टिकतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांहून जास्त ऑपरेशन झालेल्यांचा माग ठेवलाय. ऑपरेशन न केलेल्या तशाच लोकांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे पाव भागाने कमी होतं, हे २००७ साली कळलं. अनुभवी हातांत या ऑपरेशनाचा धोका पित्ताशयाच्या ऑपरेशनाइतका असतो. पण बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं आणि दरवर्षी रक्त तपासावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या गुंतागुंतींपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशनाच्या नसतात. तिसऱ्या वर्षी गोळ्या सोडून दिल्यामुळे आलेला रक्तक्षय आणि पायाच्या मुंग्या यांच्याच असतात.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांना बीएमआय २७.५ च्या वर ऑपरेशनाचा पर्याय द्यावा, तेव्हा तुम्ही त्यात बसता. विम्याचा नियम मात्र वेगळा आहे : बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं), आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा हृदयविकार यांपैकी काहीतरी. शिवाय साधे उपाय करून पाहिलेत आणि ते टिकले नाहीत, हे दिसावं लागतं.

इथे तुमच्या घोरण्याकडे येते. तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, आणि तुम्ही ते मुलीच्या खोलीबद्दल सांगताना ओझरतं लिहिलंय. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का, हे मिस्टरांना एक रात्र जागून बघायला सांगा. सकाळी डोकं जड असतं का, मधल्या सुट्टीत पेंग येते का? तसं असेल तर झोपेची तपासणी करा. हल्ली ती घरी यंत्र लावूनही होते. श्वास अडकत असेल तर रात्रीचं मास्कचं यंत्र लगेच सुरू करता येतं, आणि झोप सुधारली की दुपारची गोड खायची ओढही बरीच कमी होते. तपासणीत तीव्र अॅप्निया निघाला तर विम्याचा दरवाजाही उघडतो.

तुम्ही माझ्यासमोर असता तर मी या क्रमाने गेले असते. झोपेची तपासणी, कमरेचं माप, लिव्हरची सोनोग्राफी आणि एन्झाइम, बीपी, कोलेस्टेरॉल. पहिल्या महिन्यापासून तेलाचा डबा, प्रथिनं आणि गुडघ्याला झेपेल असा व्यायाम. पाण्यातला मिळाला तर उत्तम, नाहीतर खुर्चीत बसून मांडीचे स्नायू बळकट करायचे. तुम्ही दोनदा डाएट करून झालंय, म्हणून "आधी सहा महिने आहार करून या" असं सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. त्याच महिन्यात औषधाचं बोलू. तीन वर्षांचा खर्च झेपत असेल तर इंजेक्शन सुरू करू आणि पूर्ण डोसवर तीन महिने झाल्यावर पाच टक्केही उतरलं नसेल तर थांबवू. खर्च झेपत नसेल, किंवा अॅप्निया तीव्र निघाला आणि विमा मंजूर होणार असेल, तर मी ऑपरेशनाकडे झुकेन. तुमच्या वयाला, घरात मधुमेह असताना, एकदाच होणारा तो खर्च पुढच्या वीस वर्षांच्या हिशेबात पुष्कळदा स्वस्त पडतो. अजून मूल हवं असेल तर हा सगळा क्रम बदलतो, तेव्हा ते आधी सांगा.

पावडरीबद्दल एवढंच : डब्यावर घटक आणि परवाना नीट छापलेला नसेल तर ती पोटात घालू नका. सिब्युट्रामिन नावाचं वजनाचं औषध हृदयाला घातक ठरल्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून मागे घेतलं गेलं, आपल्याकडेही त्यावर बंदी आली, आणि तेच औषध नंतर जगभर 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत सापडत आलं आहे.

डॉक्टरकडे जाताना त्या दोन डाएटचे कागद शोधून न्या. डाएटिशियनची फाइल, जिमची पावती, तेव्हाचे वजनाचे आकडे, जे मिळेल ते. कपाटात असतील तर टाकू नका. साधे उपाय करून झालेत याचा विमा कंपनीला दाखवायचा पुरावा तोच आहे, आणि नव्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत वाचायला हवं तेही तेच.